सोन्याचे गाव कोणी वसविले?



कर्नाटकातील कोलार जिल्ह्यात सोन्याच्या खाणींचे एक गाव आहे. कोलार गोल्ड फील्ड्स हे त्याचे नाव. त्याचा इतिहास आपणांस असा सांगण्यात येतो: लावेल नावाच्या आयरिश सैनिकाने १८७३ साली म्हैसूर संस्थानाकडे खाणकामाचा परवाना मागितला, मागोमाग सोन्याच्या आशेने भांडवलवाल्यांची झुंबड उडाली, १८८० साली लंडनच्या जॉन टेलर कंपनीने कारभार हाती घेतला, १९०२ साली शिवनसमुद्राहून वीज आली आणि त्या उजाड माळावर 'छोटे इंग्लंड' उभे राहिले. यातील सन खरे आहेत. परंतु हा गावाचा इतिहास नव्हे. ही मालकांची वंशावळ होय!

सोने दाखविले कोणी? १८०२ साली वॉरन नावाचा लष्करी अधिकारी तेथे आला. त्याने बक्षीस जाहीर केले, तेव्हा त्या भागातील गावकऱ्यांनीच माती धुऊन सोन्याचे कण त्याच्यापुढे ठेवले. वॉरनचे नाव ग्रंथांत राहिले. माती धुणाऱ्यांचे कोठे आहे?

आणि सोने खणले कोणी? उत्तर अर्काट व आसपासच्या तमिळ मुलखातून आलेल्या मजुरांनी. त्यांतील बहुसंख्य लोक अस्पृश्य गणलेल्या जातींचे होते. ते भूमीखाली तीन किलोमीटरहून अधिक खोल उतरले. तेथे भट्टीसारखी उष्णता होती, खडक अकस्मात फुटत होते, दगडाची धूळ फुप्फुसांत साचत होती. वर आल्यावर बक्षीस काय, तर चोर समजून अंगझडती! १९३० साली बोटांचे ठसे घेऊन नोंदणी करण्याचा हुकूम निघाला, तेव्हा हजारो कामगारांनी काम बंद पाडले. गुन्हेगारासारखे ठसे देणे त्या स्वाभिमानी माणसांनी नाकारले.

कोणी म्हणेल, साहेबाने त्यांना गावकीच्या गुलामगिरीतून सोडविले. साहेबाला स्वस्त हात हवे होते, एवढेच! गाव सोडण्याचे धैर्य त्या माणसांचे होते. मुक्तीचे श्रेय त्यांच्या पायांना द्या.

त्यांनी आणखी एक गोष्ट खणून काढली. पंडित अयोथीदास यांनी १८९८ साली बौद्ध धम्म स्वीकारून मद्रासेत शाक्य बौद्ध संघ स्थापन केला. विसाव्या शतकाच्या आरंभीच त्याची शाखा या खाणींच्या मारिकुप्पम वस्तीत निघाली. नागपूरची दीक्षा १९५६ सालची. तिच्या सुमारे अर्धशतक आधी, दिवसभर काळोखात राबणारे हे लोक तथागताचा प्रकाश शोधीत होते. ही गोष्ट आपल्या मुलांना कोणत्या पाठ्यपुस्तकात सापडेल?

१९५६ साली खाणी सरकारी झाल्या. २८ फेब्रुवारी २००१ रोजी त्या बंद पडल्या. आठशे टनांहून अधिक सोने निघून गेले. गावाच्या वाट्याला सायनाइडमिश्रित मातीचे डोंगर उरले. खाणकामगारांची मुले आज पहाटेच्या गाडीने बेंगळुरूला मजुरीस जातात. सोन्याला गिऱ्हाईक होते. सोने काढणाऱ्याला वारस नाही काय?

आहेत, आपण आहोत. आपल्या आजोबांनी जी गिरणी चालविली, जे रूळ टाकले, जी खाण खणली, तेथील हकीकत वृद्धांना विचारून आजच लिहून ठेवा. आपण लिहिली नाही तर मालक लिहील, आणि त्याच्या बखरीत आपण केवळ 'मजूर' म्हणून उरू. नाव गमावलेल्या समाजाचा हक्कही कोणी मानीत नाही!