पट्टी बघून शहाणे झालेल्यांसाठी

स्पष्टच लिहितो. काहींना झोंबेल, झोंबू दे. पहिला टोला मी मलाच मारणार आहे.

गोव्यातल्या वर्ल्ड कपमधून दिव्या देशमुख पहिल्याच फेरीत बाहेर पडली. ग्रीसच्या ग्रँडमास्टरकडून दोन्ही डाव हरली. वाइल्ड कार्डवर आली होती, खुल्या गटात खेळत होती, हरली. बुद्धिबळात माणसं हरतात. पण त्या दोन दिवसांत लाइव्ह प्रक्षेपणाच्या चॅटमध्ये आणि आपल्या इथल्याच ग्रुपांवर जे वाचलं, त्याने डोकं फिरलं. "सरकारचे तीन कोटी पाण्यात." "बायकांच्या स्पर्धेत ठीक आहे, इथे खरं कळतं." आणि लिहिणारे कोण? जुलैत ज्यांनी "नागपूरची लेक, विदर्भाची वाघीण" म्हणून मला दिवसाला चाळीस फॉरवर्ड पाठवले, त्यातलेच काही. तीन महिन्यांत लेक परकी झाली!

आता माझं ऐका.

23 जुलै. जॉर्जियातल्या बाटुमीला महिला वर्ल्ड कपची उपांत्य फेरी, दिव्या विरुद्ध तान चोंगयी. तान म्हणजे माजी जगज्जेती, कोणी लिंबूटिंबू नाही. पहिला डाव बरोबरीत सुटलेला. दुसऱ्यात दिव्याकडे पांढरी मोहरी. संध्याकाळी मी ऑफिसातून आलो ते मोबाइल टीव्हीला जोडूनच बसलो. सोबत माझी भाची. अकरा वर्षांची आहे, जिल्हा पातळीवर खेळते. ती जमिनीवर लाकडी पट मांडून बसली होती. टीव्हीवर चाल आली की पटावर तीच चाल करायची, मग हनुवटीवर हात ठेवून विचार करायचा. मी सोफ्यावर. माझं लक्ष पटाकडे नव्हतंच, माझं लक्ष पट्टीकडे.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. स्क्रीनच्या कडेला एक काळी-पांढरी पट्टी असते. पांढरा जिंकत असला की पांढरा भाग वाढतो, काळा जिंकत असला की काळा. ती चालवतं इंजिन, म्हणजे संगणक. 1997 साली कास्पारोव्ह डीप ब्लूकडून हरला तेव्हा जगभर बातमी झाली होती. आज तुमच्या-माझ्या फोनवर चालणारं स्टॉकफिश कार्लसनलाही मोजत नाही. अशी ती पट्टी. तिला घाम येत नाही, भूक लागत नाही, घड्याळ दिसत नाही.

तर डाव दिव्याच्या हातात आला, मग निसटायला लागला. पट्टी वर, पट्टी खाली. आणि मी चॅटमध्ये टाईप केलं, "घालवला. हातातला डाव घालवला हिने. एवढंही दिसत नाही?"

भाचीने ते टीव्हीवर वाचलं. माझं नाव तिला ओळखू आलं. म्हणाली, "मामा, हे तू लिहिलंस? मग काय खेळायला पाहिजे होतं?"

मला सांगता आलं नाही. खरंच सांगता आलं नाही. ऑनलाइन माझं रेटिंग अकराशेच्या वर कधी गेलेलं नाही. मी पटाकडे बघितलं तेव्हा मला हत्ती कुठे आहे हे शोधायला वेळ लागला, आणि जगातल्या अव्वल खेळाडूंशी भांडणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलीला मी विचारत होतो, एवढंही दिसत नाही का. मी मुकाट्याने कमेंट डिलीट केली. डाव 101 चालींपर्यंत चालला. दिव्या जिंकली. नंतर तिने स्वतःच सांगितलं की मधल्या टप्प्यात तिचं चुकलं होतं, विजय याहून सोपा व्हायला हवा होता. म्हणजे तिला माहीत होतं हो! आपण सांगायची गरज नव्हती.

इथे माझा मुद्दा आहे. ही पट्टी आपल्याला बुद्धिबळ शिकवत नाही, नुसता माज शिकवते. क्रिकेट बघताना निदान आपण कधीतरी गल्लीत बॅट धरलेली असते, शॉर्ट पिच चेंडू अंगावर आला की काय होतं ते माहीत असतं. इथे काहीच लागत नाही. आकडा खाली गेला की शिवी टाईप करायची. उत्तर आधी बघून मग गणित सोडवणाऱ्याला हसायचं, याला आपल्याकडे शहाणपण म्हणतात का?

सिंगापूरचं आठवा. डिसेंबर 2024, गुकेश विरुद्ध डिंग लिरेन, चौदावा डाव. डिंगने 55व्या चालीला हत्ती चुकीच्या घरात ठेवला. पट्टी कोसळली आणि आपल्या सगळ्यांना कळलं. गुकेशला मात्र अजून कळलेलं नव्हतं! ते काही क्षण, तो चेहरा, आपण काय पाहतोय यावर विश्वास न बसणं, ओठांवर आलेलं हसू दाबणं. बुद्धिबळाच्या अख्ख्या प्रक्षेपणात याहून मोठं काही दाखवता येतं का? पण चॅट बघावं तर तिथे डिंगची टिंगल. ज्या माणसाने आपण नैराश्याशी झगडतोय हे जाहीरपणे सांगितलं होतं, जो तरीही शेवटच्या डावापर्यंत बरोबरीत राहिला होता, त्याची.

काही जण म्हणतील, पट्टी नसेल तर सामान्य माणसाला काय कळणार? तिच्यामुळेच तर लाखो लोक बघायला लागले. खरं आहे. मीही त्यातलाच आहे, पट्टी नसती तर कदाचित बघायलाच लागलो नसतो. पण बघायला आलात म्हणून न्यायाधीश कोणी केलं तुम्हाला? समालोचक काय बोलतोय ते तरी ऐका. तो सांगत असतो की इंजिन दाखवतंय ती चाल माणसाला सुचणं अवघड आहे, घड्याळात एवढाच वेळ उरलाय. ते आपण ऐकत नाही.

आणि बाईमाणूस खेळत असलं की टिंगलीला वेगळाच रंग चढतो. पुरुष चुकला तर "आज दिवस वाईट होता". बाई चुकली तर "बायकांचं बुद्धिबळ हे असंच". कॅमेरा तोंडावर गेला की केस, कपडे, लिपस्टिक. हे मी कल्पनेने सांगत नाही. जानेवारी 2024 मध्ये नेदरलँड्सच्या वाइक आन झी इथली स्पर्धा संपल्यावर दिव्यानेच हे जाहीरपणे लिहिलं होतं: लोक माझे डाव सोडून कपडे, केस, उच्चार यावर बोलतात. तेव्हा ती अठरा वर्षांची होती. तेव्हा किती जणांनी "आमची लेक" म्हणून फॉरवर्ड केलं? मला तरी एकही आला नाही. मीही पाठवला नाही.

बाटुमीच्या अंतिम सामन्यात तर दोन्ही भारतीय होत्या. दोन क्लासिकल डाव बरोबरीत, मग 28 जुलैला टायब्रेक. दुसऱ्या रॅपिड डावात वेळ संपत आलेला असताना कोनेरू हंपीच्या हातून चुका झाल्या आणि दिव्या काळी मोहरी घेऊन जिंकली. भारताची 88वी ग्रँडमास्टर झाली, आईच्या गळ्यात पडून रडली, तो व्हिडिओ सगळ्यांनी बघितला. पण त्याच वेळी चॅटमध्ये "आंटी, आता घरी जा" असं कोणीतरी हंपीला लिहीत होतं, ते मी वाचलंय. जी 2002 मध्ये पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाली, बाळंतपणानंतर परत येऊन 2019 आणि 2024 अशी दोनदा रॅपिडची जगज्जेती झाली, तिला! लाज वाटली पाहिजे.

हे आजचंच आहे असंही नाही. 1976 साली मुंबईची रोहिणी खाडिलकर राष्ट्रीय पुरुष स्पर्धेत उतरली तेव्हा केवढा गदारोळ झाला. प्रकरण कोर्टात गेलं. शेवटी फिडेचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स यूव यांना सांगावं लागलं की मुलींना अडवता येणार नाही. तेव्हा विरोध करणारे निदान नावानिशी समोर होते. आज "किंगस्लेयर_420" असतो.

मग म्हणणं काय तुझं, असं विचाराल. बाटुमी आणि गोव्याचं प्रक्षेपण कसं असावं हे आपल्या हातात नाही. पण आता आपल्याकडे छोट्या स्पर्धासुद्धा यूट्यूबवर लाइव्ह दिसायला लागल्यात. इलेक्ट्रॉनिक पट, कॅमेरा, पट्टी आणि खाली खुलं चॅट. पटावर दहा-अकरा वर्षांची पोरं. मागच्या महिन्यात एका स्पर्धेत भाचीचा डाव असा लाइव्ह होता. जिंकत आलेला डाव तिने बरोबरीत सोडवला. घरी आल्यावर तिने रेकॉर्डिंग लावलं, चुकलं कुठे ते बघायला. शेजारी चॅट होतंच. "ही रडणार आता." "हिला चुलीकडे पाठवा." बहुतेक कोणातरी पोराचे पालक असावेत, कारण एवढ्या छोट्या स्पर्धेचं प्रक्षेपण दुसरं कोण बघणार?

आयोजकांना फोन केला. म्हणाले, "अहो, चॅटमुळे व्ह्यूज येतात, स्पॉन्सरला दाखवावे लागतात."

म्हणून जिल्ह्यातल्या आणि राज्यातल्या आयोजकांकडे जाहीर मागणी करतोय: वयोगटाच्या स्पर्धांत चॅट बंद. डाव चालू असताना पट्टीही बंद. ज्याला इंजिन बघायचंय त्याने नंतर बघावं. पैसा लागत नाही, दोन बटणं दाबायची आहेत. पालकांनी एंट्री फी भरताना हे विचारा, लेखी विचारा. मी पुढच्या स्पर्धेला विचारणार आहे, आणि उत्तर काय येतं ते इथेच टाकेन.

गोव्याचे बाकीचे डाव आम्ही बघतोय. भाचीने टीव्हीच्या त्या कडेला जुनी वही चिकटपट्टीने लावून टाकली आहे. काल एका चालीवर ती म्हणाली, "घोडा मागे घेतील," मी म्हणालो, "प्यादं पुढे." दोघांचंही चुकलं. उंट गेला.