समुपदेशकाची खुर्ची सोयगावपर्यंत न्या

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य



छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात जिल्हाभरातून माणसे येतात. कुणाच्या छातीत धडधडते, कुणाला झोप नाही, कुणाचे हातपाय गळून जातात. ईसीजी निघतो, रक्त तपासले जाते, रिपोर्ट नॉर्मल येतात. मग मानसोपचार विभागाचे नाव निघते आणि सोबतचा नातेवाईकच चिडतो, ‘याला काय वेड लागलंय का?’

तरीही जो केसपेपर घेऊन आत जातो, त्याला गोळ्या मिळतात. अनेकांना त्यांची गरजही असते. पण चिंता, नैराश्य किंवा मानसिक आघात यांवर बोलून करायचा उपचार एका बैठकीत होत नाही. त्याच माणसासमोर, आठवड्यामागून आठवडे बसावे लागते. अजिंठ्याच्या डोंगरापलीकडच्या सोयगावातून येणाऱ्या मजुराचा प्रत्येक फेरीला रोज बुडतो, एसटीचे भाडे वेगळेच. तिसऱ्या भेटीला तो आला नाही, तर दोष त्याचा नव्हे.

15 ऑक्टोबर 2023 रोजी वैजापूरजवळ समृद्धी महामार्गावर मिनीबसच्या अपघातात 12 जण गेले. अशा अपघातातून वाचलेल्यांची हाडे जुळतात. पण पुढे महिनोन्‌महिने समोरून ट्रकचे दिवे आले की दरदरून घाम फुटणे, गाडीत बसायचेच टाळणे, हेही दुखणेच आहे. ‘विसरून जा, मनावर घेऊ नको’ हा त्यावरचा आपला घरगुती काढा, आणि तो लागू पडत नाही. प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ रुग्णाला त्या आठवणीकडे, टाळलेल्या रस्त्याकडे हळूहळू, त्याला पेलेल तेवढेच नेतो.

इतके तज्ज्ञ आणायचे कुठून, हा आपला प्रश्न रास्त आहे. निम्हान्सच्या 2015-16 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक आजारांचे 70 ते 92 टक्के रुग्ण उपचाराविना आढळले. राज्याची ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही चारही जुनी मनोरुग्णालये मराठवाड्याबाहेर आहेत.

उत्तर मात्र शेजारच्या गोव्यात सापडले आहे. तिथल्या ‘संगाथ’ संस्थेने मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवले. तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ बैठका. भर एका साध्या गोष्टीवर : आजाराने बंद पाडलेली कामे, भेटीगाठी, आवडीनिवडी थोड्या थोड्या पुन्हा सुरू करायच्या आणि पुढच्या बैठकीत त्यांचा हिशेब घ्यायचा. ‘लॅन्सेट’मध्ये छापलेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी या रुग्णांपैकी 64 टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण 39 टक्के होते. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांतही ‘विश्राम’ उपक्रमाने अशीच माणसे उभी केली. तिथे नैराश्यग्रस्तांपैकी उपचारापर्यंत पोहोचणारे 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले. कापूस पिकवणाऱ्या विदर्भात जमले, ते कन्नड-सिल्लोडला न जमायला कारण नाही.

राज्याने काहीच केले नाही, असे कुणी म्हणणार नाही. 2015 चा ‘प्रेरणा’ प्रकल्प मराठवाड्याचे आठही जिल्हे धरून 14 जिल्ह्यांत आला. ताणाखालची शेतकरी कुटुंबे आशा सेविकांनी शोधायची, असे ठरले. 2022 पासून ‘टेलिमानस’चा 14416 हा मोफत क्रमांकही आहे, रात्री-अपरात्री जीव नकोसा झालेल्याने तो जरूर लावावा. पण शोधलेल्या माणसाला पाठवायचे कुठे? फोन ठेवल्यावर पुढच्या मंगळवारी त्याने कुणासमोर बसायचे? आणि कृपा करून हे कामही आशाताईंच्या गळ्यात घालू नका. त्यांच्या पिशवीत वह्या आधीच पुष्कळ झाल्या आहेत.

2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 18 ने सरकारी खर्चाच्या मानसोपचार सेवेचा प्रत्येकाला हक्क दिला आहे. तेव्हा जिल्ह्याच्या नऊही तालुक्यांत पगारी, प्रशिक्षित समुपदेशक नेमावेत. गुंतागुंतीच्या रुग्णांसाठी आणि या समुपदेशकांवर देखरेखीसाठी घाटीत पूर्णवेळ मानसशास्त्रज्ञ द्यावेत. पुढच्या अर्थसंकल्पात या पदांसाठी स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावे आणि पहिली नेमणूक सोयगावला करावी, ही विनंती.

आपला,
छत्रपती संभाजीनगरचा एक नागरिक