शेंगांची टरफलं आणि गुरुजींची चूक

टिळकांच्या शेंगांची गोष्ट माहीत नाही असा मराठी माणूस विरळाच. २३ जुलैला जयंती, १ ऑगस्टला पुण्यतिथी. या दोन दिवसांत कुणीतरी चिमुरडा डोक्यावर पगडी चढवून ती गोष्ट ठणकावून सांगतोच. १८५६ साली टिळक रत्नागिरीत जन्मले, त्यामुळे आम्हा रत्नागिरीकरांचा तिच्यावर जरा जास्तच हक्क! भाषण संपतं, टाळ्या पडतात. आणि दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावरून शिट्टी ऐकू आली की अख्खा वर्ग तासभर उभा.

आता मला सांगा, त्या गोष्टीत चुकलं कोण? छोट्या टिळकांच्या बाणेदारपणावर आपण सगळे खूश. पण गुरुजींनी काय केलं, याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. टरफलं कुणी टाकली ते कळेना, म्हणून सगळ्यांनी उचला!

माझं स्पष्ट मत आहे, सरसकट शिक्षा ही शिस्त नव्हेच. ती शिक्षकाची सोय आहे. आमच्याकडे एक प्रोग्रॅम अडकला की अख्खा सर्व्हर रिस्टार्ट करणारे महाभाग असतात. थोडा वेळ सगळं सुरळीत चालतं, बग मात्र जिथल्या तिथे. वर्गात तर याहून वाईट होतं. शिट्टीवाला हीरो ठरतो, नाव सांगणारा चहाडखोर ठरतो, आणि गप्प बसलेली पोरं एवढंच शिकतात की नीट वागून काही फायदा नाही.

१९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराचं कलम ३३ बघा. युद्धात शत्रूच्या ताब्यात सापडलेल्या नागरिकाला त्याने स्वतः न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा देता येत नाही. म्हणजे जे शत्रूच्या फौजेला मना आहे, ते सातवी 'ब' मध्ये बिनदिक्कत चालतं! आणि आपल्या २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी घातली आहे.

"एसीत बसून बोलणं सोपं आहे, चाळीस पोरं सांभाळून दाखव," असं आता कुणीतरी म्हणणारच. मान्य. वाडीवरच्या शाळेत तर दोन शिक्षक आणि चार-पाच इयत्ता. पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पटापर्यंत दोनच शिक्षक, असं कायद्याचंच गणित आहे. तिसरीला वजाबाकी शिकवताना चौथी कलकलाट करणारच. पण म्हणूनच तिथे सगळ्यांना उभं करणं सर्वात महाग पडतं. एकाच्या शिट्टीपायी दोन इयत्तांचा तास बुडतो.

जेकब कौनिन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने खऱ्या वर्गांचं चित्रीकरण करून १९७० साली पुस्तक लिहिलं. निष्कर्ष मजेशीर आहे. गोंधळ झाल्यावर शिक्षक कसा रागावतो, यावर वर्गाची शिस्त फारशी ठरत नाही. गोंधळ व्हायच्या आधी तो काय करतो, यावर ठरते. कुठे काय चाललंय याकडे त्याचं लक्ष आहे, हे पोरांना कळलं पाहिजे. एकाच वेळी दोन गोष्टी सांभाळता आल्या पाहिजेत. आणि तास रेंगाळता कामा नये. भलत्याच मुलाला रागावणं, ही त्याने मोजलेल्या चुकांपैकी एक. सरसकट शिक्षेत ती चूक एकदम एकोणचाळीस वेळा होते!

मग करायचं काय? चौथीचं काम तास सुरू व्हायच्या आधी फळ्यावर लिहून ठेवा. खुर्ची सोडा, बाकांमधून फिरा. शिकवता शिकवता चुळबुळ करणाऱ्याशेजारी नुसतं जाऊन उभं राहा. बोलायचंच असेल तर नंतर त्याला एकट्याला गाठून बोला. आणि सफाईची पाळी लावा, वर्षभर, सगळ्यांना. पाळी असेल तर दुसऱ्याची टरफलं उचलायला कुणाची ना नसते. राग येतो तो न केलेल्या गुन्ह्याचा आरोप डोक्यावर बसतो म्हणून.

येत्या १ ऑगस्टला भाषण झाल्यावर पोरांना एकच प्रश्न विचारा, "गुरुजींनी काय करायला हवं होतं?" उत्तरं ऐकायला मात्र शिक्षकांनी समोर बसायचं.