स्वस्त घेतलं म्हणून गप्प बसायचं?

विजेचा सिग्नल पडद्यावर लहरीसारखा दाखवणारा माझा डिजिटल ऑसिलोस्कोप स्वस्तातला आहे. ट्रिगर बदलला की मधूनच गोठतो. कंपनीला तीन ईमेल केले, उत्तर नाही. आता साइटवरून मॉडेलचं पानही गायब. मित्र म्हणतो, ‘एवढ्या पैशात आणखी काय हवं?’

हे मला मान्य नाही. कमी पैशात कमी बँडविड्थ, कबूल. ५० मेगाहर्ट्‌झच्या स्कोपवर ५० मेगाहर्ट्‌झची साइन लहर जेमतेम ७० टक्के उंच दिसते. ती यंत्राची मर्यादा आहे आणि ती खोक्यावर छापलेली असते. बिघाडावरचं मौन कुठे छापलेलं असतं?

१९७०च्या दशकातल्या टेक्ट्रॉनिक्स ४६५च्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये अख्खं सर्किट छापलेलं असे. आज चूक फर्मवेअरमध्ये असते आणि फर्मवेअर कुलूपबंद.

‘खुलं केलं तर बघणार कोण?’ बघणारे आहेत. सिगरॉक या मुक्त प्रकल्पातली माणसं कितीतरी मोजयंत्रांची भाषा स्वतः उकलून बसली आहेत.

मला फुकट सेवा नको. सपोर्ट बंद करताय? मग सर्किट आणि फर्मवेअर खुलं करा. तुम्हाला दुरुस्त करायचं नसेल, तर आम्हाला करू द्या.