बसणारी बाई, बघणारी बाई

पस्तिशीत मी रत्नागिरीत तैलरंगातलं व्यक्तिचित्र शिकायला गेले. शिक्षक म्हणाले, "ताई, बायकांच्या बॅचला फुलं आणि ग्लास पेंटिंग. पोर्ट्रेट मुलांना." एमएसडब्ल्यू होऊन दहा वर्षं बायकांमध्ये काम करणारी मी, क्षणभर 'बरं' म्हणणार होते!

व्यक्तिचित्र म्हणजे समोरच्या माणसाकडे तासन्‌तास रोखून पाहणं. आपल्याला शिकवलंय नजर खाली ठेवायला. बाईनं बघायचं नाही, स्वतःला बघू द्यायचं. सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं, हाती दिवा घेतलेल्या स्त्रीचं जलरंगातलं चित्र आठवा. म्हैसूरला आहे ते. तिथे उभी आहे त्यांची मुलगी, गीता उपळेकर. २०१८ साली त्या १०२ वर्षांच्या होऊन गेल्या. चित्र घरोघरी पोचलं. तिचं नाव किती जणींना ठाऊक होतं?

बायकांना हे जमत नाही म्हणावं, तर अंबिका धुरंधरांनी १९३१ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका घेतली. अँजेला त्रिंदादही तिथेच शिकल्या. पण दोघींचे वडील नामवंत चित्रकार! रंग घरातच होते. राजापूर-लांज्याच्या मुलीनं काय करावं? ती एलिमेंटरी, इंटरमीजिएट देते. पुढे मेंदी आणि रांगोळी.

भांडून मी पोर्ट्रेटच्या वर्गात बसले. सरावासाठी आईला म्हटलं, "अर्धा तास नुसती बस." दहा मिनिटांत ती उठली. "भात करपेल गो!" तैलरंग सावकाश सुकतो. आधी पातळ रंगात उजेड-अंधाराचे मोठे भाग, ते सुकले की जाड थर, डोळ्यांतली चमक सगळ्यात शेवटी. रंगवणारीला वेळ हवा, बसणारीलाही. बाईकडे नेमका तोच नाही, आणि तो कुणी घेतला हे आपण जाणतो.

"आधी पाणी, रेशन, कला ही चैन," असं आपल्याच कार्यकर्त्या म्हणतात. पाण्यासाठी लढूच. पण सभागृहांच्या भिंतींवर कुणाच्या तसबिरी आहेत? आपल्या कार्यालयात तरी, संघटना उभी करणाऱ्या किती जणी आहेत? ज्यांचा चेहरा कुणी निरखून पाहिलाच नाही, त्यांचं काम कोण लक्षात ठेवणार?

म्हणून महिन्यातून एक रविवार ठरवू या. एकीनं बसायचं, बाकीच्यांनी बघायचं, काढायचं. आणि मुलींना 'तुम्ही फुलं काढा' म्हणणाऱ्याला मिळून जाब विचारायचा.

आईचं चित्र अजून अर्धंच आहे. भात आता मी आधी उतरवून ठेवते. ती बसते.