चौकटीतले आकलन

दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत ‘आकलन कृती’ असतात. वर उतारा छापलेला, खाली चौकटी, ओघतक्ते, रिकाम्या जागा. मुलाने वर बघायचे, नेमका शब्द उचलायचा आणि खाली बसवायचा. याला टिपणे म्हणा, हुडकणे म्हणा. आकलन म्हणू नका. दरवर्षी लाखो मुले या मोठ्या शब्दाचा एवढासा अर्थ घेऊन शाळेबाहेर पडतात, याचे वाईट वाटते.

मराठी इथे कधी गरीब नव्हती. कळणे, समजणे, उमगणे, पचनी पडणे, अंगात मुरणे. ‘समजलं, पण उमजलं नाही’ असे आपण सहज म्हणतो, तेव्हा फार बारीक भेद करत असतो. समजलेले सांगता येते; उमजलेले माणसाला वळवते.

सोलापूरकरांना हे तळ्याकाठीच शिकायला मिळते. बाराव्या शतकात शिवयोगी सिद्धरामांनी सोन्नलगीत, म्हणजे आजच्या सोलापुरात, तळे खोदवले, मंदिर उभारले. अडुसष्ट लिंगे स्थापली, असे परंपरा सांगते. ‘शून्यसंपादने’ या कन्नड ग्रंथात तळ्याच्या कामात गढलेल्या सिद्धरामांना संत अल्लमप्रभू गाठतात. कडाक्याचा वाद होतो आणि अखेर सिद्धराम त्यांच्याबरोबर कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, जातात. लोकोपयोगी काम कसे करावे हे त्यांना आधीच ठाऊक होते. त्या वादात हाती लागले ते वेगळेच. वचनकारांचा, म्हणजे कन्नड वचने रचणाऱ्या संतांचा, त्यासाठी शब्द आहे ‘अरिवु’. कन्नडमध्ये ‘अरि’ म्हणजे जाणणे, ‘अरिवु’ म्हणजे जाण. पण वचनांत अरिवुची जोडी आचाराशी आहे. वागण्यात उतरली नाही, तर ती जाण नव्हेच.

मग परीक्षेत ती ओळखायची कशी? सोलापूरच्या पूर्व भागात कितीतरी घरांत तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडे कन्नड. मराठी धडा त्या मुलांना घरी न्यावाच लागतो. तोंडी परीक्षेत एकच विचारा: हा धडा आजीला तुमच्या भाषेत कसा सांगशील? मूल अडखळेल. एखाद्या शब्दाला तेलुगूत जोड सापडणार नाही, मग ते मागाची, चुलीची, गड्ड्याच्या जत्रेची काहीतरी उपमा काढेल. ती उपमा उताऱ्यात कुठेही छापलेली नसेल. गुण तिला द्या.