राजीनामा लिहू नका, कागद मागा

नोकरी गेली की आपल्याकडे सगळ्यात आधी ती लपवली जाते. मुंब्रा-कौसा असो, राबोडी असो की कल्याणचा दूधनाका, मुलगा रोजच्यासारखा डबा घेऊन निघतो, लोकल पकडतो, कुठेतरी दिवस काढतो आणि संध्याकाळी घरी येतो. अम्मीला कळू नये, सोयरिकीची बोलणी मोडू नयेत, गल्लीत चर्चा नको. या लपवाछपवीला माझा विरोध आहे. तिने आपली इज्जत वाचत नाही, वाचतो तो काढून टाकणारा.

नोकरी जाते तीही बहुतेक वेळा लपूनछपूनच. एचआर केबिनमध्ये बोलावतो, पाण्याचा ग्लास पुढे करतो आणि म्हणतो, "राजीनामा द्या, लेटर चांगलं देतो. नाहीतर टर्मिनेशन करावं लागेल, मग पुढे कोण घेणार तुम्हाला?" ठाण्यातल्या एका कंपनीत चार वर्षं काम केल्यावर हे वाक्य मीही ऐकलं आहे. मी म्हटलं, "सर, कारण लेखी द्या." ते मिळालं नाही. मी सही केली नाही. घरी येऊन ई-मेल पाठवला: आज मला उद्यापासून येऊ नका असं सांगण्यात आलं, मी राजीनामा दिलेला नाही, कृपया लेखी कळवावे. आठ दिवसांनी सेवा संपवल्याचं पत्र आलं. त्यात माझं पद होतं, तारखा होत्या, आणि कामाबद्दल एकही तक्रार नव्हती. पुढच्या नोकरीत मला उपयोगी पडलं ते हेच पत्र.

राजीनाम्याची सही इतकी का मागतात, हे समजून घ्या. सलग एक वर्ष काम केलेल्या कामगाराला कपातीत काढायचं असेल तर कायद्याने एक महिन्याची नोटीस किंवा तितका पगार द्यावा लागतो, शिवाय प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे होतं, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही आहे. गैरवर्तनाचा आरोप असेल तर आधी आरोप लेखी सांगा, मग चौकशी करा. तुम्ही 'स्वेच्छेने' राजीनामा लिहिलात की यातलं काहीच उरत नाही. मॅनेजरच्या कामाला हे संरक्षण नाही हे खरं, पण व्हिजिटिंग कार्डावर 'एक्झिक्युटिव्ह' छापलं म्हणून कोणी मॅनेजर होत नाही. प्रत्यक्षात काम काय करता, हे पाहिलं जातं.

वडीलधारे म्हणतात, "बेटा, भांडू नको, कोर्टात वर्षं जातात." वर्षं जातात हे खोटं नाही. तडजोड करावीशी वाटली तर जरूर करा, पण आधी नोटिशीचा पगार, थकलेली रक्कम आणि पत्राचा मजकूर ई-मेलवर ठरवा, मग सही करा. शिवाय काढल्यावर थकीत पगार दोन कामाच्या दिवसांत मिळणं हा तुमचा हक्कच आहे, त्याच्या बदल्यात काही लिहून देऊ नका. पीएफही कंपनीच्या मर्जीवर अडत नाही. नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने भरली नाही तर शेवटच्या हप्त्यानंतर दोन महिन्यांनी तुम्ही स्वतः ऑनलाइन भरू शकता.

आपल्यासाठी कागद जास्त महत्त्वाचा का? २००७ साली सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शिक्षण सारखं, फक्त नावं वेगळी, असे अर्ज खासगी कंपन्यांना पाठवले होते. मुस्लिम आणि दलित नावांना बोलावणी कमी आली. २०१५ साली मुंबईतल्या एका हिरे निर्यात कंपनीने तर एमबीए झालेल्या तरुणाला आम्ही फक्त बिगरमुस्लिम उमेदवार घेतो, असं सरळ ई-मेलवर कळवलं. त्यावर पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. पण असं लिहून देणारा विरळा. बाकीचे नुसता फोन करत नाहीत. संविधानाचं सोळावं कलम सरकारी नोकरीपुरतं आहे, खासगी भरतीत धर्मावरून होणारा भेदभाव थेट रोखणारा सर्वसमावेशक कायदा देशात नाही. अशा बाजारात जुन्या साहेबाने फोनवर आवाज थोडा खाली आणून "ठीक होता" म्हटलं, तरी तुमचं काम हातचं जातं. म्हणून तोंडी शब्दावर राहू नका. सेवा प्रमाणपत्र, पगाराच्या स्लिपा, कौतुकाचे ई-मेल हे सगळं कंपनीचा लॉगिन बंद होण्याआधी मागून घ्या. कंपनीचा गोपनीय डेटा मात्र उचलू नका, नाहीतर त्यांच्या हाती आयतं कारण जाईल.

रेफरन्स म्हणून काढून टाकणाऱ्याचंच नाव द्यावं, असा नियम नाही. ज्याने तुमचं काम रोज पाहिलं तो सुपरवायझर, टीम लीड, कंपनी सोडून गेलेला सीनियर, नेहमीचा ग्राहक, यांना विचारा. नाव देण्याआधी परवानगी घ्या आणि कुठल्या कामासाठी फोन येईल ते सांगा. मुलाखतीत विचारलं तर दोन वाक्यांत खरं सांगा: "कंपनीने माझी सेवा संपवली, पत्र माझ्याकडे आहे. आता मी तिथे केलेल्या कामाबद्दल सांगतो." जुन्या कंपनीला शिव्या नकोत, रडगाणंही नको. आणि पैसे देऊन मिळणाऱ्या खोट्या अनुभवपत्रांपासून दूर राहा. पडताळणी करणारे पीएफच्या नोंदी पाहतात, तारखा जुळल्या नाहीत की नवी नोकरीही जाते आणि खोटेपणाचा शिक्का बसतो.

आता आपल्याच लोकांना दोन शब्द. मोहोन्याची एनआरसी २००९ मध्ये बंद पडली तेव्हा कामगारांना आपल्यासारखंच आणखी कोण रस्त्यावर आलंय ते माहीत होतं, म्हणून थकबाकीसाठी ते वर्षानुवर्षं एकत्र लढू शकले. कॉल सेंटर, गोदाम, शोरूममधून काढलेला आपला मुलगा एकटा असतो. जमातीकडे लग्नाचा हॉल आहे, जनाजाची सोय आहे. मग आठवड्यातून एक संध्याकाळ नोकरी गेलेल्यांसाठी का नाही? नोकरीत असलेले दहा जण बसले, कागद तपासले, आपल्या कंपनीतल्या जागा सांगितल्या, ठाण्याच्या कामगार उपायुक्त कार्यालयात सोबत गेले, तर पुष्कळ झालं. वकिलाचे पैसे नाहीत, ही सबबही चालणार नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने औद्योगिक कामगार आणि स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळू शकतो, अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. आणि आपल्यातले जे दुकानदार, कारखानदार मुलांना नेमणूकपत्राशिवाय राबवतात, त्यांनी घाम वाळण्याआधी मजुरी देण्याची शिकवण फक्त जुम्म्याच्या बयानात ऐकू नये.

नोकरी जाणं हा गुन्हा नाही. ज्याची गेली त्याने आज घरी सांगावं आणि उद्या सकाळी ई-मेल लिहावा. ज्याची शाबूत आहे त्याने गेल्या सहा महिन्यांत नोकरी गेलेल्या एका मित्राला फोन करावा आणि म्हणावं, "रेफरन्समध्ये माझं नाव टाक."